उसवलेली गाडी

टेलरताईला एक खोड होती. कुठलाही कपडा हातात आला की ती आधी तो उलटा करायची. लोक वरचं कापड बघतात, ही आतली शिवण बघायची. माणसांच्या बाबतीतही तिचं तेच चालायचं, त्यामुळे घरात तिच्यापासून काही लपवायच्या फंदात कुणी पडत नसे.

घराला लागून गाडीची खोली होती आणि त्या खोलीत सहा वर्षं एक गाडी नुसती बसून होती. नवरा बस ड्रायव्हर. दिवसभर लोकांना पोचवून आला की संध्याकाळी आपल्या गाडीचं बॉनेट उघडून पाच मिनिटं आत बघायचा आणि म्हणायचा, "होईल चालू." इंजिन जाम झालेलं, मिस्त्रीनं केव्हाच हात टेकलेले. पण ह्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आता मात्र घोडं अडलं होतं. ताईच्या दुकानाच्या मालकानं महिनाअखेर गाळा रिकामा करायला सांगितलं होतं. दोन मशिनी, कापायचं टेबल, उभा आरसा आणि वीस वर्षांची गिऱ्हाइकं घेऊन ती जाणार कुठे? जागा एकच होती आणि तिथे गाडी ठाण मांडून होती.

"अहो, विकून टाकू या ती," ती म्हणाली.

"ऐंशी हजारांना घेतलीय. निम्मे आण, मग मी कागदावर सही करतो. चाळीसला पै कमी पडली तरी गाडी हलणार नाही." भंगाराला चाळीस हजार कोण देतंय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर एवढा उदार झाला होता!

तीन भंगारवाले येऊन गेले. पहिला पंधरा हजार म्हणाला, दुसरा अठरा, तिसरा बावीस. गाडी तीच, मग भाव तीन कसे? ताईला पैशांपेक्षा आधी हेच कोडं छळू लागलं. आणि आणखी एक. तिघांपैकी एकानंही किल्ली मागितली नव्हती, पण तोंड उघडण्याआधी प्रत्येकानं खाली वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं होतं.

"खाली काय बघता हो?" तिनं तिसऱ्याला विचारलंच.

"गंज बघतो, ताई."

गंज तर दारांवरही होता. तिकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तो गेल्यावर ताईनं सतरंजी अंथरली, टॉर्च घेतला आणि गाडीखाली सरपटत शिरली. नाकातोंडात धूळ गेली, केसांत ग्रीस लागलं. वर एक लांबलचक पाइप दिसला आणि मध्येच तो फुगलेला, पायमोज्यात बटाटा अडकावा तसा. टॉर्चनं ठोकून पाहिलं. काही कळलं नाही. पण कळलं नाही म्हणून सोडून देणाऱ्यांतली ती नव्हती.

तिनं हिशेब मात्र आपल्या धंद्यातला लावला. जुना कोट अख्खा कुणी घेत नाही, पण उसवून बटणं, अस्तर, चेन सुटी विकली की पैसे वसूल होतात. गाडीही उसवायची! आणि उसवताना पहिली काढायची ती बटणं, कारण ती सहज निघतात आणि लगेच विकली जातात. एक टॅक्सीवाला चारही चाकं आणि बॅटरी सात हजारांना घेऊन गेला. जाताना गाडी विटांवर टेकवून दिली. ताई खूश.

संध्याकाळी दारं काढायला मिस्त्री आला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "ताई, चाकं शेवटी काढतात हो! आता सांगाडा न्यायचा कसा? खांद्यावर?"

ताईचा चेहरा पडला. वीस वर्षांत कुणाचा कोट चालत गिऱ्हाइकाकडे गेला नव्हता, तेव्हा तिला तरी कसं सुचणार? रात्री तिनं ही गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही. त्यानं विटा पाहिल्या आणि मिशीतल्या मिशीत हसला.

तरीही ती मागे हटली नाही. दारं आणि काचा आठ हजारांना गेल्या. सीटांना तिनं उरलेल्या जाड कापडाची नवी कव्हरं शिवली, त्या सीटांचे चार आले. दिवे, आरसे मिळून अडीच. राहिला सांगाडा आणि इंजिन. तिसरा भंगारवाला परत आला, वाकला, पाहिलं.

"चाकं असती तर बारा दिले असते. आता क्रेन आली. आठ."

ताईनं ओठ चावला. मग एकदम म्हणाली, "बरं, आठ. पण खालचा तो फुगीर डबा मी ठेवून घेणार."

भंगारवाल्याचा हात खिशातच थांबला. "गंजका डबा तो. काय करणार तुम्ही त्याचं?"

"शोभेला ठेवीन."

"त्याचे दोन हजार जास्त घ्या, पण राहू दे गाडीलाच."

दुकानात असं गिऱ्हाईक रोज येतं. तोंडानं नको म्हणतं आणि बोटांनी कापड चाचपतं. ताईनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि नाही म्हणाली.

मिस्त्रीनं डबा कापून हातात दिला. "धूर गाळायचा डबा हा. आत जाळी असते, जाळीवर महागड्या धातूचा थर. जुन्या गाडीत कधीकधी सगळ्यात मोलाचं हेच. निव्वळ हेच घेणारी माणसं आहेत." काखेत कळसा अन् गावाला वळसा! तसल्या एका दुकानात डब्याचे नऊ हजार मिळाले. आणि गंमत म्हणजे भंगारवाल्यानं डबा वगळूनही आठच कबूल केले. म्हणजे आधीच्या आठांत तो फुकटच जाणार होता.

नवरा घरी आला तेव्हा सकाळी क्रेन येणार हे ठरलं होतं. ताईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर नोटा मांडल्या, भंगारवाल्याचे आठ तोंडी धरले. अडतीस हजार पाचशे.

दीड हजार कमी. शिलाईच्या डब्यातून तेवढे काढून ढिगात सरकवले असते तर कुणाला कळलं नसतं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्या शिवणी उघड्या करणाऱ्या बाईला ते जमेना. चाकांची चूक तिला आता फार लागली. डोळे भरून आले, ते तिनं लपवले नाहीत.

"अहो, दीड कमी पडले. माझ्याच चुकीनं. स्टिअरिंग तेवढं कुणी घेतलं नाही."

नवऱ्यानं कोपऱ्यातलं स्टिअरिंग उचललं. दोन्ही हातांत धरलं, थोडं डावीकडे वळवलं, थोडं उजवीकडे.

"याचे किती?"

ताईनं नाक पुसलं. "दीड हजार."

"मोडक्या गाडीच्या स्टिअरिंगचे?"

"एकच भाव."

"काही कमी?"

"अजिबात नाही."

त्यानं पाकीट काढलं, तीन नोटा मोजून ढिगावर ठेवल्या आणि स्टिअरिंग काखेत धरून खुर्ची पुढे ओढली.

"दे ते कागद," तो म्हणाला. "सही कुठे करायची?"