माझ्या चिखलातली निलगिरी

मित्रांनो, मी एक जुनं पाणथळ कुरण आहे. चंदीगडच्या कडेला, तारेच्या कुंपणाआड पसरलोय. माणूस दिसला की माझ्या मनात आधी शंका येते. तिला कारणही आहे.

हे शहर वसलं नव्हतं, तेव्हा डोंगरातून उतरणारा ओढा माझ्यात विसावायचा. त्याच्या गाळावर लव्हाळा, पाणकणीस, ब्राह्मी, माका वाढले. गावातल्या म्हशी इथं चरायच्या, डुंबायच्या. मग सेक्टर आखले गेले. लोक मला ‘पडीक जागा’ म्हणू लागले आणि बांधकामांचा राडारोडा माझ्या अंगावर ओतू लागले. पुढे मला संरक्षित ठरवून कुंपण घातलं, तेव्हाही वाटलं, यात यांचा काय डाव असेल?

यंदा मे महिन्यात रघुनाथकाका आले. फौजेतून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे गृहस्थ, बोलायला गोड. सोबत शेजारीपाजारी, फावडी आणि निलगिरीची रोपं.

“इथं नुसतं गवत माजलंय. छान सावली करू,” काका म्हणाले.

गोड बोलण्याचीच मला जास्त भीती वाटते. बघता बघता एक रांग लावूनही झाली.

तेवढ्यात निशिगंधा धावत आली. ही सेक्टर ३९ मधल्या संस्थेत संशोधन करणारी मुलगी. रोज दोऱ्या बांधून माझ्यातलं गवत निरखायची. ही मला विकायला मोजतेय, असंच मी धरून चाललो होतो.

“काका, थांबा! बूट काढा आणि इथं उभे राहा.”

“अगं, हे काय भलतंच?”

“राहा तर उभे!”

काका उभे राहिले. त्यांच्या बोटांच्या फटींतून गार पाणी वर आलं.

“मे महिन्यात पाणी?”

“या गवताच्या मुळांनी धरून ठेवलंय, काका. निलगिरी ते शोषून घेईल. मग ना ब्राह्मी उरेल, ना बेडूक.”

“पक्कं?”

“पक्कं.”

काका सगळ्यांना घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एकटेच फावडं घेऊन हजर! राहिलेली रोपं लावायला आले असणार, दुसरं काय? पण ते गुडघे टेकून बसले आणि लावलेलं एकेक रोप मुळासकट काढू लागले. खड्डे त्यांनी माझ्याच चिखलानं बुजवले, हातानं थापून.

मित्रांनो, माझी शंका अजून पुरती गेलेली नाही. तुम्ही प्रेमानं आलात, तरी मी आधी तुमच्या हातांकडे बघेन. मला सजवू नका. माझ्यात काय काय जगतंय ते आधी वाकून बघा. आणि कळलं नाही, तर मला आहे तसंच राहू द्या.