बुचाची फरशी

दुकानदाराने हातातलं स्टीलचं झाकण फरशीच्या नमुन्यावर सोडलं, तेव्हा नानांनी आधीच डोळे मिटून घेतले होते. थप्. ओला टॉवेल पडावा तेवढाच आवाज झाला.

"बघा काका! याला म्हणतात कॉर्क. खाली बसलेल्या मांजरालासुद्धा पत्ता लागत नाही."

"आणि टाइलवर?" नानांच्या मुलीने विचारलं.

दुकानदाराने तेच झाकण शेजारच्या टाइलवर टाकलं. ते खणखणलं, गरगर फिरलं आणि बऱ्याच वेळाने बसलं. तोवर नानांनी टेबलाची कड सोडली नाही.

अगदी असंच. तीन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी.

"टाइलच घ्यायची," मुलगी म्हणाली. "खरखरीत, न घसरणारी. बाटलीच्या बुचांवर उभी राहून स्वयंपाक करणार का आई?"

नानांनी खिशातून चिठ्ठी काढली. उभा जन्म दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासण्यात गेलेला. चार वाक्यं बोलायची तरी आधी लिहून काढत. "कॉर्क मऊ असतं. पडलंच माणूस, तर कमी लागतं. फरश्यांवरची तीन पुस्तकं वाचली, तिन्हींत आहे तसं." ते घुटमळले. "दोन पुस्तकांत. तिसऱ्याचं नक्की सांगता येत नाही."

"पाणी सांडलं तर?"

"लगेच पुसायचं. मी पुसेन."

"तुम्ही? फडकं कुठे असतं ते तरी माहीत आहे का, नाना?"

दुकानदार हसला. नानाही कसनुसे हसले. फडकं कुठे असतं ते त्यांना खरंच माहीत नव्हतं.

शनिवारी बायको इस्पितळातून घरी येणार होती, मांडीच्या हाडात सळई घालून. फरशी बसवणाऱ्याला दोन दिवस हवे होते, म्हणजे काय ते आत्ताच ठरायला हवं होतं. दुकानदाराने दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं.

मुलीने आवाज खाली आणला. "नाना, रागावू नका. त्या दिवशी आई स्वयंपाकघरात पडली, झाकण पडलं, एवढा दणका झाला, तरी पलीकडच्या खोलीत तुम्हाला ऐकू आलं नाही. अर्धा तास पडून होती ती. मग या मऊ बुचावर पडली तर काय होईल? टाइलचा आवाज तरी होतो. आणि उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय, लक्षात आहे ना?"

नानांनी चिठ्ठीची घडी करून ती खिशात ठेवली.

इस्पितळात बायकोनेच सगळ्यांना सांगितलं होतं, "त्यांना हल्ली ऐकू येत नाही हो." सांगताना ती नानांकडे बघत नव्हती. नानांनी मुकाट्याने मान डोलावली होती, आणि तेव्हापासून ते बहिरे होते.

"मी ऐकलं होतं," नाना म्हणाले.

"काय?"

"झाकण. आतूनच विचारलं, काय पडलं गं? ती काही बोलली नाही. मला वाटलं, रुसली असेल. मी वाचत होतो, प्रकरणाची दोनच पानं राहिली होती." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "ती संपवली. मग पुढचं प्रकरण सुरू केलं."

दुकानदार उगाचच नमुने पुन्हा रचू लागला.

"आणि आई तर म्हणाली, की तुम्हाला ऐकू येत नाही..."

"कान चांगले आहेत माझे. आवाज टाइलचा काय नि कसला काय. मी उठलो नाही."

मुलगी पाठ फिरवून काचेच्या दाराशी गेली. तिने फोन लावला. "उद्याची वेळ रद्द करा," नानांना ऐकू आलं. "नाही, पुढची नको. पेशंटला ऐकू येतं." फोन ठेवल्यावरही ती तिथेच उभी राहिली, रस्त्याकडे बघत.

"मग काय करायचं, काका?" दुकानदाराने हळूच विचारलं.

"कॉर्क. पण एक शंका आहे. माझी वाचायची खुर्ची फार जड आहे. ती यावर कायमची एकाच जागी ठेवली तर?"

"खड्डे पडतील. चार पायांचे चार. एकदा पडले की बुजत नाहीत. पण स्वयंपाकघरात कशाला ठेवताय ती?"

नानांनी समोरचा स्वयंपाकघराचा नकाशा जवळ ओढला. कानामागची पेन्सिल काढून ओट्यापासून हातभर अंतरावर त्यांनी चार ठिपके दिले. दुसऱ्याच्या चुकीवर खूण करावी तसे बारीक, पण ठळक.

"पडू देत," ते म्हणाले.