न तरंगणारा दगड

मित्रांनो, मी एक जुना प्रवाळाचा दगड आहे, आणि मी तरंगत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवून पुष्कळ जण माझ्याकडे पाहत बसले आणि मग माझ्यावरच रागावले.

मला कुणी घडवलं म्हणाल, तर मोहरीच्या दाण्याएवढ्या जिवांनी. रामेश्वराच्या बाजूच्या समुद्रात त्यांनी चुन्याची घरं बांधली, घरावर घर चढवलं, आणि पिढ्या गेल्या तेव्हा कुठे मी मुठीपेक्षा थोडा मोठा झालो. अंगभर भोकं दिसतात ना, ते त्यांचे दरवाजे. एका वादळाने मला किनाऱ्यावर फेकलं. ऊन लागलं, घरातले जीव गेले, पांढराफटक सांगाडा तेवढा उरला. एका दुकानदाराने मला उचललं आणि रामरायाच्या सेतूचा दगड म्हणून मांडून ठेवलं. मी सेतूत होतो की नव्हतो, मला ठाऊक नाही. देवाच्या नावावर खोटं बोलणं मला जमणार नाही.

लाखनीजवळच्या एका खेड्यातल्या आनंदाबाई तिथे यात्रेला आल्या होत्या. त्यांनी मला लुगड्याच्या पदरात बांधलं ते थेट घरच्या देव्हाऱ्यापाशीच सोडलं. धानाची रोवणी असो की कापणी, माझ्यासमोर दिवा लागल्याशिवाय त्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरल्या नाहीत. गावात कीर्तन असलं की मला थाळीत घेऊन जायच्या आणि बुवांच्या समोर ठेवायच्या. मृदंगाचा ठेका माझ्या भोकाभोकांतून घुमायचा. समुद्रापासून तुटल्यावर पहिल्यांदा मला लाटांची आठवण झाली, ती तिथे.

हा झाला माझा पूर्वरंग. आता उत्तररंग ऐका.

आनंदाबाई गेल्या. त्यांच्या मागे लेकीने, सत्यभामाबाईंनी, आईची म्हणून एकच वस्तू मागून घेतली, ती म्हणजे मी. सत्यभामाबाईंचे यजमान यादोराव जवाहरनगरच्या कारखान्यात वेल्डर होते. वसाहतीतलं क्वार्टर, पुढे व्हरांडा, मागे अंगणात जांबाचं, म्हणजे पेरूचं, झाड. १९८३ साली यादोरावांनी हौसेने मत्स्यपेटी बनवली. लोखंडी अँगलची चौकट, चारी बाजूंनी काचा आणि फटींना पुटी. नागपूरहून पिशवीत पाणी भरून तांबडे मासे आणले, आणि शेजारपाजार जमवून मोठ्या थाटात मला पाण्यात सोडलं, रामाचा दगड तरंगताना दाखवायला.

मी गटकन बुडालो.

शेजारच्या शकुंतलाबाई पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमचा दगड तं आमच्या पाट्या-वरवंट्याच्याच जातीचा निंगाला." सगळे हसले. हसोत बापडे. तरंगणं हे काही भक्तीचं माप नाही, आणि तळाशी बसण्यात मला कधी लाज वाटली नाही. समुद्रातही मी तळाशीच होतो.

सत्यभामाबाई मात्र हसल्या नाहीत. बुडाला तरी तो आपल्या मायचा देवच आहे, असं त्यांनी ठरवलं, आणि देवाला जो नियम तोच मत्स्यपेटीला लावला. देवाला शिळं पाणी चालत नाही. म्हणून रोज सकाळी सोवळ्याने पेटी रिकामी व्हायची, वाळू धुतली जायची, नारळाच्या शेंडीने मला घासलं जायचं, आणि नळाचं ताजं, ब्लीचिंगच्या वासाचं पाणी वरपर्यंत भरलं जायचं. वर नैवेद्य म्हणून मूठभर लाह्या. काचा अशा लखलखायच्या की वसाहतीतले लोक मुद्दाम पाहायला यायचे.

आणि मासे मरायला लागले.

आधी एक उताणा झाला, मग दुसरा. काही पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायचे. बोट माझ्याकडे वळायला वेळ लागला नाही. खारट समुद्राचा दगड गोड्या पाण्यात विष सोडतो, असं शकुंतलाबाईंनी सांगितलं. यादोरावांनी कारखान्यातले मित्र घनश्याम यांना बोलावलं. ते प्रयोगशाळेत काम करायचे, माणूस सरळ आणि मनमिळाऊ. त्यांनी लिटमसची तांबडी पट्टी पाण्यात बुडवली. ती निळसर झाली. दगड चुन्याचा आहे, थोडा थोडा विरघळतो, पाण्यात दुसरं काही दिसत नाही, तेव्हा संशय त्याच्यावरच घ्यावा लागतो, असं ते म्हणाले. पट्टी खोटं बोलत नव्हती. पण तिला विचारलं तेवढंच तिने सांगितलं. हे माशांना बाधतं का, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

यादोराव रात्री जेवताना म्हणाले, "रामनवमीले वैनगंगेत सोडून देऊ. नारळ फोडू, मानानं सोडू. आता जीव मरून राहिले ना घरात."

"मायनं पदरात बांधून आनला थो," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुमी नेऊन पाहा. पहिले मले न्या वैनगंगेवर."

ताट तसंच टाकून त्या उठल्या. पेटीत हात घालून त्यांनी मला काढलं, उरलेला एक मरतुकडा मासाही काढला, आणि दोघांना मागच्या अंगणात जांबाखालच्या मातीच्या नांदेत नेऊन ठेवलं. झाडासाठी भरून ठेवलेलं जुनं पाणी होतं तिच्यात. त्यांना काही उपाय सुचला होता असं मुळीच नाही. राग होता आणि दुःख होतं, एवढंच. शिवाय अंगणातल्या त्या नांदेत देवपूजा कशी करायची? म्हणून मला कुणी घासेना, पाणी कुणी बदलेना. जांबाची पानं पडली. डासांची पिल्लं वळवळायला लागली, ती माशाने खाल्ली. माझ्या अंगावर बुळबुळीत थर चढला, आणि मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या ओस पडलेल्या घरांत पुन्हा कुणी राहायला आलं! डोळ्यांना न दिसणारे जीव, पण बिऱ्हाडं ती बिऱ्हाडंच.

तिकडे पेटीत यादोरावांनी नवे मासे आणले. बायको रुसलेली, म्हणून आता रोज ताज्या पाण्याच्या बादल्या ते स्वतःच ओतायचे. मी तिथे नव्हतो. मासे तरीही मेले.

रामनवमीच्या आदल्या दिवशी नारळ आणि लाल कापड घेऊन यादोराव मागच्या दारी आले, सोबत घनश्याम होते. सत्यभामाबाई नांदेसमोर उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही त्यांचा.

"पेटीत दगड नाई, तरी मासे मेले. हितं दगड हाये, अन् हा पाहा," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

मासा माझ्याभोवती फिरत होता. गुबगुबीत, तांबडालाल. यादोराव नारळ हातात घेऊन तसेच उभे राहिले.

घनश्याम खाली बसले. नांदेतलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी हुंगलं, मग आत जाऊन पेटीतलं हुंगलं आणि कपाळावर हात मारून हसत परत आले. चुकीच्या आरोपीला पकडलं होतं, असं त्यांनी मोकळ्या मनाने कबूल केलं. मग समजावलं, ते असं: ताज्या पाण्यातला ब्लीचिंगचा वायू माशांचे कल्ले जाळतो. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की तो उडून जातो. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या लाह्यांतून विष तयार होतं. ते पचवणारे सूक्ष्म जीव नव्या पेटीत हळूहळू वस्ती करतात, आणि रोज घासल्याने ती वस्तीच उजाड होत होती. या दगडाच्या भोकांत ती बसली आहे. वर त्याचा चुना पाणी आंबट होऊ देत नाही. "वहिनी, याले घासू नका अन् सारं पानी एकदम बदलू नका, बस," ते शेवटी म्हणाले.

सत्यभामाबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्याच भक्तीने मासे मेले होते, हे त्यांना समजलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी न धुता, शेवाळासकट मला उचललं, रात्रभर उघड्या ठेवलेल्या पाण्याने पेटी भरली, त्यात नांदेतलं थोडं पाणी घातलं आणि मला मधोमध ठेवलं.

रामनवमीला देवळातलं कीर्तन आटोपून बाया घरी पानसुपारीला आल्या. शकुंतलाबाईंनी काचेला नाक लावलं आणि म्हणाल्या, "काहो, देवाले शिळ्या पान्यात बसवलं? पाप लागंल ना बाई."

आईचा देव, शेजारणींनी भरलेली खोली, आणि जन्मभर पाळलेला नियम. मी वाट पाहत होतो. सत्यभामाबाईंनी सुपारीचं ताट खाली ठेवलं.

"थो समुद्रात होता तवा पानी कोन बदलत होतं?" त्या म्हणाल्या.

शकुंतलाबाईंनी ताटातली सुपारी उचलली. दुरून देवळातल्या भजनाच्या टाळांचा आवाज येत होता, आणि मासा माझ्या एका भोकात तोंड घालून काहीतरी टिपत होता.

त्याला काही वर्षं झाली. पेटीची पुटी दोनदा बदलली, आणखी मासे आले, त्यांना पिल्लं झाली. मी आता हिरवा-तपकिरी झालोय. नवा पाहुणा आला की विचारतो, एवढा मळका दगड काहून ठेवला, चांगला घासून घ्या की. मित्रांनो, तुमच्या घरी असा कुणी तळाशी बसलेला म्हातारा असेल, तर त्याला चमकवायला धावू नका. त्याच्या आधाराने कोण कोण जगतंय, ते आधी वाकून पाहा. आणि माझं विचाराल, तर मी मळलेला नाही. मी वसलेला आहे.