जाळीला न लागलेली वस्तू

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी जाळीत अडकलेली एक तीन पायांची खुर्ची वर ओढत होतो. पलीकडून धाकटी, म्हणजे माझी मेहुणी, म्हणाली, "भाऊजी, ताई गेली."

मी विचारलं, "कुठे?"

मूर्खासारखंच विचारलं. पण माझी बायको अशी होती, की खाटेवरून उठून शेजारच्या पेशंटची खोडी काढायला गेली असेल असंच मला वाटलं. धाकटीचा हुंदका ऐकू आला, तेव्हा कळलं. खुर्ची हातातून सुटली आणि परत जाळीला जाऊन चिकटली.

माझं काम असं. धरणाचं पाणी वीजघरात शिरतं त्या तोंडाशी लोखंडी गजांची मोठी जाळी आहे. कचरा टर्बाइनमध्ये जाऊ नये म्हणून. लाकडं, चपला, बाटल्या, एकदा तर चौकटीसकट खिडकी. जलाशयात जे हरवतं ते फिरत फिरत इथं येऊन लागतं. मी वरच्या कट्ट्यावर उभा राहून लांब दांड्याच्या दाताळ्यानं ते ओढून काढतो. आमच्या कामात एवढंच शिकायचं असतं, की तरंगतं ते आज ना उद्या येतं.

बायकोनं याचा पुरेपूर फायदा घेतला. आमचं घर जलाशयाच्या काठावर, उतारावर. माझं जेवण ती पाण्यातूनच पाठवायची. घट्ट झाकणाचा डबा आणि त्याच्याभोवती टायरची ट्यूब. मशिनं जोरात असली की पाणी ओढ घ्यायचं आणि डबा ऊन ऊन हजर. मशिनं मंदावली की तो मध्येच गोल गोल फिरत बसायचा. मग मी कंट्रोल रूमला फोन लावायचो, "जरा लोड वाढवा हो, जेवण अडकलंय." तिकडून उत्तर यायचं, "शहराला सांगा दिवे लावायला."

भांडण झालं की डब्याऐवजी माझी टोपी यायची. एकदा माझी उशी आली, पाणी पिऊन टम्म फुगलेली. म्हणजे आज तिकडेच झोपा.

भांडणाचं कारण बहुतेक वेळा एकच. जुन्या टर्बाइनचं बेअरिंग बदललं तेव्हा त्याचं लोखंडी कडं मी हौसेनं घरी आणलं आणि पुढच्या दाराला टेकू म्हणून लावून ठेवलं. तिच्या पायाचा अंगठा त्याच्यावर हमखास आपटायचा. मग दिवसभर त्या कड्याचा आणि माझा एकत्र उद्धार.

हॉस्पिटलला निघाली त्या सकाळी जीप दारात उभी होती. तिनं मला चादर आणायला आत पिटाळलं. मी बाहेर आलो तर दोघी बहिणी पायरीवर बसून खुदुखुदु हसत होत्या. हिला धाप लागली होती, तरी हसणं थांबेना.

"अहो, तुमच्यासाठी एक वस्तू पाण्यात सोडलीय," ती म्हणाली. "जाळीवर लक्ष ठेवा. डुलक्या काढू नका."

"काय सोडलंस?"

"लागेल हाताला तेव्हा बघा की."

ती परत आली नाही. वस्तूही आली नाही.

पाहुणे पांगले, धाकटी तेवढी राहिली, आणि मी घर उलटंपालटं केलं. काय नाहीसं झालंय ते कळलं तर काय शोधायचं ते कळेल. लाटणं होतं. लाकडी पळी होती. टोपी, उशी, खोकी, बाटल्या, तरंगण्यासारखं जे जे होतं ते सगळं जागच्या जागी. त्यात पुढचं दार सारखं धाडधाड आपटत होतं. वाऱ्याला शिव्या घालून मी ते सुतळीनं बांधलं. सुतळी तुटली.

तशात साहेबांनी बातमी दिली. जाळीवर मशीन बसणार. कचरा आपोआप उचलणार, थेट ट्रकमध्ये टाकणार. "काका, तुम्ही आता स्टोअरमध्ये सावलीत बसा," साहेब म्हणाले. चांगल्या मनानं म्हणाले. पण म्हणजे बायकोनं पाठवलेली शेवटची वस्तू ट्रकमध्ये, आणि ट्रक उकिरड्यावर.

मी धाकटीला म्हटलं, "मशीन यायच्या आत ती सापडायला हवी. कुठे अडकली असेल?"

धाकटी म्हणाली, "चेंडू सोडून बघू. चेंडू जिथे अडकतील तिथे ती." अगदी गंभीर तोंडानं म्हणाली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

ती घराच्या उतारावरून प्लॅस्टिकचे चेंडू सोडायची, मी जाळीवर वाट बघायचो. लाल आले, पिवळे आले, ठिपक्यांचे आले. जाळी जत्रेतल्या दुकानासारखी दिसायला लागली. साहेब येऊन बघत राहिले.

"काका, हे काय?"

"वरच्या अंगाला पोरं फार झालीत, साहेब."

"इतकी?"

"आता कुणाला काय बोलणार."

तेवढ्यात एक चेंडू वळून समोर आला. धाकटीनं त्याच्यावर मिशा काढल्या होत्या. साहेबांचा हात आपोआप स्वतःच्या मिशीवर गेला. मग ते निघून गेले.

संध्याकाळी मी चेंडूंचं पोतं घेऊन घरी आलो. "झाडून सगळे आले. एकही अडकला नाही. मग तिचंच का येत नाही?"

दार आपटलं.

"आणि हे दार! डोकं उठवलंय यानं."

"कधीपासून आपटतंय, भाऊजी?" धाकटीनं फार गोड आवाजात विचारलं.

"ती गेल्यापासून."

"आधी का नव्हतं आपटत?"

"आधी त्याला ते कडं..." मी दाराकडे बघितलं. खाली फरशीवर नुसता गोल डाग होता.

धाकटी हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. "ताईनं शपथ घातली होती. दाराचा विषय तुम्ही स्वतः काढल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी कडं उभं करून धरलं, तिनं अंगठ्यानं ढकललं. त्याच अंगठ्यानं. गडगडत गेलं ते थेट पाण्यात."

"अगं, पण ते बुडतं!"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, बुडू दे. हे भिंतीकडे तोंड करून घरात बसतील, त्यापेक्षा जाळीवर वाट बघत बसलेले बरे."

म्हणजे इतके दिवस मी लोखंड तरंगायची वाट बघत होतो. जाळीवरच्या माणसानं लोखंडाची! मला हसू आलं. ती गेल्यावरचं पहिलंच. मग बराच वेळ मला डोळे पुसायला चादर लागली, तीच, जी आणायला तिनं मला आत पिटाळलं होतं.

मशीन बसलं. साहेबांनी विचारलं, "काका, काही राहिलं नाही ना जाळीवर?" मी म्हटलं, "नाही." स्टोअरमध्ये सावली खरंच चांगली आहे.

उन्हाळ्यात धरणाच्या दरवाज्यांच्या दुरुस्तीसाठी पाणी उतरवलं. घराखालचा काठ उघडा पडला. पायरीवरून बघितलं तर चिखलात अर्धं रुतलेलं कडं दिसत होतं, अगदी हाकेच्या अंतरावर.

"आणू का, भाऊजी?" धाकटीनं विचारलं.

"चिखल फार आहे," मी म्हटलं.

आता पाणी परत चढलंय. कडं मी अजून आणलेलं नाही. दाराला दुसरं काही लावलेलंही नाही.