हजेरीत नसलेल्या बाया

उन्हानं मुरूम तापला होता अन् दुर्गहून अपंगांची मोजनी कराले आलेला कारकून देवराव माह्याच खाटेवर बसून मले इचारून राहिला होता, "बाई, तुमच्या घरी लुला, लंगडा, आंधळा कोणी?"

"तुमच्या घरी हायेत का?" मी म्हनलं. "आमी अकरा झोपड्या वर्ध्याकडून इथं कारखाना बांधाले आलो. रिकामं कोनी बसत नाही."

त्यानं घाम पुसला अन् वहीत शून्य टाकलं. माह्या आधीच्या दहा झोपड्यांनी बी हेच सांगतलं होतं.

खोटंच होतं. आत माहा पोरगा चंपत उजवा हात फडक्यात गुंडाळून बसला होता. भट्टीच्या पायव्यात गिट्टी कालवायच्या मशीननं तीन बोटं नेली. महिना झाला, जखम वास मारत होती. मुकादमाले कळलं का हजेरीतून नाव गेलं. म्हनून टोळीतले नऊ गडी त्याच्या वाट्याच्या पाट्या वाटून घेत, अन् चंपत नुसता त्यांच्या मधून चालत राहे. टोळीतल्याच शेषरावचा पाय मोडला तवा बी असंच केलं.

देवराव वही मिटत म्हनला, "बरं आहे. ज्या बस्तीत पाच जण निघतील, तिथंच डॉक्टरची गाडी येणार. हप्त्यातून एकदा. मलमपट्टी फुकट."

मी आत चंपतकडं पाह्यलं. "नावं लिहा लागते?"

"नावाशिवाय कसं लिहू?"

"अन् वही पाह्यते कोन?"

"सगळेच, बाई. ठेकेदारही."

आतून चंपतनं मान हालवली. नको.

मी देवरावची वही त्याच्या मांडीवर उघडली. "लिहा. माहं नाव गिरजाबाई. डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

सून चुलीपासून उठली. "आत्याबाई, कावून खोटं बोलता?"

"खोटं कायचं? तीन सालं झाले. तांदूळ मी निवडत होती, खडे तुह्या दाताखाली येत, अन् शिव्या तू दुकानदाराले देत होती."

तिनं पदर तोंडाले लावला. हसली का रडली, माह्या त्या बाजूनं दिसलं नाही.

मंग मी देवरावले घेऊन झोपड्या फिरली. म्हाताऱ्या बायांची नावं कोन्या मुकादमाच्या हजेरीत नव्हती. एक वातानं लुली, एकीची कंबर गेलेली, एक पाय ओढत चालनारी. बहिरी रुक्मा तेवढी भांडाले उठली. "मले सारं ऐकू येते."

"मंग मी सकाळपासून तुले शिव्या देऊन राहिली, कावून बोलली नाही?"

"काय म्हनते?" रुक्मा म्हनली.

देवरावनं लिहून घेतलं. "पाच बाया. पुरुष एकही नाही?"

"आमचे गडी वाघ हायेत," मी म्हनलं. शेषराव तवा कुडाले धरून उभा होता.

मंगळवारी गाडी आली. आमी पाचजणी पुढं, मागं आमाले धरून आननारे गडी. डॉक्टरनं माह्या डोळ्यात बत्ती मारली. "आजी, फार उशीर केला."

"मालूम हाये. आता याले पाहा." मी चंपतले पुढं ढकललं.

"याचं नाव?"

"याचं नाव लिहाचं नाही. हा मले धरून आला."

 डॉक्टरनं कागद बाजूले ठेवला अन् फडक्याची गाठ सोडाले लागला.