सरळ रेषेतलं नोएडा

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. दिल्लीतल्या सबंध मयूर विहारात माझ्या तोडीचा विद्वान सापडायचा नाही. आता, खिडकीचा पडदा ओढला की मला दोन अधिक दोनसुद्धा आठवत नाही, ती गोष्ट वेगळी. उजेडावर जगणारी जात आमची. शिक्षणही बेताचंच. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, आणि तिथे माझी शाळा सुटली. घातांकाचं बटण मला नाहीच. दोनाचा पाचवा घात हवा असेल तर दोन दाबा, गुणिले दाबा आणि ‘बरोबर’चं बटण दाबत बसा. किती वेळा दाबलं ते तुमचं तुम्ही मोजा, मला सांगू नका.

श्रीरंगरावांनी मला पालिका बाजारातून घासाघीस करून आणलं. ते सरकारी कचेरीत प्रवासभत्त्याची बिलं तपासायचे. किलोमीटर गुणिले दर, बरोबर भत्ता. सूत्र एवढंसंच, पण त्यावर त्यांनी भल्याभल्या साहेबांना घाम फोडला. नियम असा की, पैसे मिळणार ते सगळ्यात जवळच्या रस्त्याचे. कोणी वळसा घालून गेला की श्रीरंगराव चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, “काय साहेब, सासुरवाडी वाटेत होती वाटतं?” मग मला जवळ ओढायचे. मी आकडा दाखवायचो आणि साहेबाचं तोंड उतरायचं. अहाहा, काय दिवस होते!

तेव्हापासून एक गोष्ट मला ठाऊक आहे. उत्तर पटलं नाही की माणूस तीच बटणं पुन्हा दाबतो, फक्त जास्त जोरात.

श्रीरंगराव निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर मीही घरी आलो. मुलगी रुचिता आणि जावई खालच्याच मजल्यावर राहायचे. ती दोघं ऑफिसला गेली की नात, सृष्टी, आमच्या ताब्यात. तिची बोटं खाऊने कायम चिकट. सातावर गूळ, नवावर तूप. आजोबांनी तिला एक खेळ शिकवला होता. कितीही मोठा आकडा घ्यायचा आणि वर्गमुळाचं बटण दाबत राहायचं. आकडा लहान लहान होत जातो आणि शेवटी उरतो नुसता एक. “आला! एक आला!” म्हणून ती पलंगावर नाचायची. मी मुद्दाम शेवटच्या दशांशापर्यंत ताणून धरायचो. लेकरू जरा तरसलं की मजा जास्त.

मग आमच्या मालकीणबाई, कुसुमावतीबाई, गेल्या. पुढच्याच वर्षी रुचिताने नोएडात घर घेतलं, कुठल्याशा मोठ्या नंबरच्या सेक्टरात. दर रविवारी येऊ म्हणाले. आलेही. मग सृष्टीचे क्लास लागले, आणि रविवार सगळे क्लासवाल्यांनी नेले.

रुचिता फोनवर म्हणायची, “बाबा, कधीही या ना.”

“बघू,” म्हणून हे फोन ठेवायचे आणि मला सांगायचे, “कधीही म्हणजे तारीख नाही. तारीख नाही म्हणजे दौरा मंजूर नाही.” कुसुमावतीबाई असताना तारीख त्याच ठरवायच्या. आता ठरवणार कोण? तिकडे लेकीला वाटायचं, स्वतःच्याच घरी यायला बाबांना बोलावणं कशाला हवं? बसा दोघं वाट बघत!

संध्याकाळी श्रीरंगराव खिडकीपाशी बसतात. मोठा आकडा घेतात, वर्गमूळ दाबत राहतात. एक येतो. नाचायला कोणी नसतं. दिवा लावायचा राहून जातो, अंधारात मीही विझतो, तरी त्यांचं बोट त्या बटणावरच.

मागच्या महिन्यात सृष्टीचा फोन आला. पोरगी दहावीत आहे आता. “आजोबा, माझा पायथागोरस चाललाय. समजा, आमचं घर तुमच्यापासून पूर्वेला सहा किलोमीटर आणि दक्षिणेला आठ. मग सरळ रेषेत किती?”

“दोन्हींचे वर्ग कर, बेरीज कर, वर्गमूळ काढ.”

“वर्गमूळ? अच्छा, रूट!”

फोन ठेवल्यावर श्रीरंगरावांनी मला घेतलं. सहा गुणिले सहा अधिक आठ गुणिले आठ, सगळं एका दमात. आता गुणाकार आधी आणि बेरीज नंतर, हा धडा माझ्या शाळेत आलाच नव्हता. मी पडलो हुकमाचा ताबेदार. सहा सक छत्तीस. अधिक आठ, चव्वेचाळीस. गुणिले आठ, तीनशे बावन्न. त्याचं वर्गमूळ अठरा पूर्णांक शहात्तर. हसू दाबून मी तोच आकडा दाखवला. म्हटलं, आता मला चार शिव्या घालतील.

शिव्या कसल्या! ते समाधानाने मागे टेकले. “जवळजवळ एकोणीस. या वयात लांबच की.”

आणि इथले कॅबवाले तर रस्त्याने चौदाच किलोमीटर सांगतात! यांच्या नोएडाला सरळ उडणारा कावळासुद्धा वळसा घालून जाणार. माझं हसूच पळालं.

आज रविवार. भरदुपारी बेल वाजली. सृष्टी, एकटीच. “चलो आजोबा, कॅब खाली उभी आहे. क्लासला सुट्टी आहे. आईने वरणफळं केलीत.”

“अगं, असं अचानक? आणि एकोणीस किलोमीटर जायचं म्हणजे...”

“एकोणीस? कोण म्हणालं?”

त्यांनी मला पुढे सरकवलं. “हा.”

तिने मला उचललं. बोटं आता कोरडी, नखांना रंग. “छत्तीस आणि चौसष्ट, शंभर,” ती तोंडानेच म्हणाली. शंभर दाबले, वर्गमूळ दाबलं. मी दहा दाखवले. किती वर्षांनी त्या बोटाखाली आलो होतो! शंभराचा एक करायलासुद्धा मी तयार होतो, तिने नुसतं दाबत राहायला हवं होतं.

“मशीन जुनं झालंय गं,” श्रीरंगराव म्हणाले. “चुकतं हल्ली.”

मी चुकतो? बरं बाबा, घाला माझ्यावर. माझी पाठ त्यासाठीच आहे. पण जाताना मला या टेबलावर ठेवू नका. खिशात टाका. नोएडातही खिडक्या असतील, उजेड असेल.

सृष्टीचा फोन वाजला. “हाँ भैया, बस दो मिनट,” ती म्हणाली. मग मला हातात तसंच धरून आजोबांसमोर बसली.

“रस्ता चौदाचा आणि सरळ रेषा एकोणीसची. आजोबा, खरं सांगा, असं बिल दुसऱ्या कोणी आणलं असतं, तर तुम्ही पास केलं असतं?”