वहिनी म्हणणारं मशीन

व्हेंडरची नोकरी वाईट नसते. फुकटचा लॅपटॉप मिळतो, गिऱ्हाइकाच्या एसीत बसायला मिळतं आणि ऑर्डर निघेपर्यंत जावयाचा मान मिळतो. ऑर्डर निघाली की आपण घरगडी. बिघडलं तर शिव्या आपल्याला, चाललं तर हार साहेबांच्या गळ्यात. आणि जे विकतोय ते खरंच तयार आहे का, हे विचारायचं नाही. विचारणारा टिकत नाही.

आम्ही पाणी कंपनीला मशीन विकत होतो. लोकांनी तक्रार लिहायची, मशीन आपोआप उत्तर देणार. मग तक्रारीच्या खोलीत कानाला फोन लावून बसणाऱ्या बायका हव्यात कशाला? त्या बायकांत माझी सख्खी वहिनी होती. दादाचा कारखाना बंद पडल्यापासून घर तिच्या जिवावर चाललं होतं, माझं शिक्षणसुद्धा.

सकाळी डबा देताना तिने विचारलं, "भावजी, तुमची कंपनी विकते तरी काय?"

"सॉफ्टवेअर."

"म्हणजे सांगण्यासारखं काही नाही."

मशीन तयार नव्हतंच. तयार होतं फक्त माहितीपत्रक. म्हणून पाणी कंपनीत साहेबांना ते चालवून दाखवायच्या वेळी आमच्या सेल्सवाल्याने मला सभागृहाशेजारच्या अडगळीच्या खोलीत कोंबलं. त्याला आम्ही साबण म्हणायचो. हाताला लागत नाही, फेस भरपूर. प्रश्न माझ्या लॅपटॉपवर येणार, मी उत्तर लिहिणार, आणि तिकडे पडद्यावर ते मशीनच्या नावाने झळकणार.

"चुकलं तर?" मी विचारलं.

"मशीन चुकतं, शिकतंय ते," साबण म्हणाला. "पण पटापट लिही. विचार करत बसलास तर माणूस वाटशील."

गढूळ पाणी, फुटलेला पाइप, चुकीचं बिल. मी माहितीपत्रकातली गोड भाषा ओतत होतो, भिंतीपलीकडे टाळ्या पडत होत्या. मग साबणाचा आवाज आला, "आता तक्रारीच्या खोलीतल्या एखाद्या ताईंनी विचारावं."

अक्षरं उमटली: तू आल्यावर आम्ही कुठे बसायचं?

इतकं तिरकं फक्त तीच विचारते. साबणाने उत्तर देऊन ठेवलं होतं: तुमच्या कामाला नवा अर्थ मिळेल. ते मला लिहवेना. बोटांनी परस्पर लिहून टाकलं: कुठेच नाही, वहिनी. तुम्हा सगळ्यांना काढणार आहेत.

पलीकडे साबणच सावरला. "बघा साहेब, आपुलकी बघा. वहिनी म्हणतंय."

पाणी कंपनीचे साहेब खूश. "वर खरंही बोलतंय. असंच पाहिजे." बावळटपणाला पगार मिळतो तो असा.

माझ्या खोलीचं दार उघडलं. वहिनी. शोधायला फार खोल्या नव्हत्याच. तिने झाडू पाहिले, मोडक्या खुर्च्या पाहिल्या, मला पाहिलं.

"हे विकता होय," ती म्हणाली.

"वहिनी, मी..."

"गप्प बसा, कुणी बघेल. दोघांपैकी एकाची तरी राहू दे." दार अलगद लावून ती गेली.

तिने तमाशा केला असता तर मी निमूट बसून राहिलो असतो. पण स्वतःची नोकरी जात असताना ती माझी झाकून गेली, आणि माझं डोकं फिरलं.

लॅपटॉपवर साहेबांचा प्रश्न आला, गमतीतच असावा: सही करण्याआधी सांग, तू खरंच मशीन आहेस ना?

मी उठून दार सताड उघडलं, परत बसलो आणि लिहिलं: नाही साहेब. शेजारच्या खोलीत झाडूंच्या मध्ये बसलोय. या बघायला, दार उघडंच आहे.